शंभर कुरवांतील एक : नाथसागरावरील अनोळखी पाहुणा कसा ओळखावा

नाथसागराच्या काठी वाढलेल्या माणसाला पांढरा पक्षी नवा नाही. चिखलात स्तब्ध उभा राहणारा, बैलांच्या मागे चालणारा, जाळ्याच्या खुंटावर बसणारा किंवा दूर पाण्यावर तरंगणारा असा कोणताही पांढरा पक्षी आपल्या बोलण्यात बहुधा ‘बगळा’ असतो. वसतिगृहात नव्याने दाखल झालेली मुलेही जलाशयाच्या पहिल्या फेरीत समोरच्या थव्याकडे बोट दाखवून ‘बगळे’ असेच म्हणतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. ज्याला वेगळे नाव ठाऊक नसते, तो पक्षी वेगळा दिसतही नाही. या लेखात ज्या पक्ष्याविषयी लिहावयाचे आहे, तो त्याहून अवघड आहे. तो बगळ्यांत मिसळत नाही. तो आपल्याच कुळातील कुरवांत मिसळतो, आणि शंभर कुरवांमध्ये एकटाच असू शकतो.

कुरव म्हणजे ज्याला आपण समुद्रपक्षी म्हणतो तो. पायांच्या बोटांमध्ये पडदे, लांब पंख, पांढरे पोट, राखाडी पाठ आणि स्वभावाने अर्धा शिकारी, अर्धा उचल्या. हा पक्षी मुंबई, अलिबाग, मुरूड येथे पाहावयाचा, अशी आपली समजूत असते. पैठणपासून समुद्र अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. मग हा पक्षी मराठवाड्यात वाट चुकून आला काय, असा प्रश्न पालक नेहमी विचारतात. उत्तर उलटे आहे. नाथसागरावर येणाऱ्या कुरवांपैकी बहुसंख्य असलेला तपकिरी डोक्याचा कुरव मुळात समुद्राकाठी जन्मतच नाही. लडाखमधील त्सो मोरिरीसारख्या, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवरील सरोवरांच्या काठी, तिबेटच्या पठारावर आणि मध्य आशियात तो अंडी घालतो. भूवेष्टित पाणी हेच त्याचे माहेर. समुद्रकिनारा ही त्याची हिवाळ्यातील बिऱ्हाडाची जागा आहे, आणि नाथसागर हे तशाच बिऱ्हाडाचे आणखी एक ठिकाण.

हे ठिकाण फार जुने नाही. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. (धरण पैठणला आणि नाव जायकवाडीचे कसे, हे मुलांना नेहमी पडणारे कोडे. मूळ योजना बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळची होती. पुढे जागा बदलली, नाव तेच राहिले.) धरणाची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब आहे. पाणी पूर्ण भरले म्हणजे जलाशय सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि रुंद भागात २७ किलोमीटरांपर्यंत पसरतो, त्याचे क्षेत्र सुमारे ३५० चौरस किलोमीटर होते. एवढ्या विस्ताराच्या मानाने खोली कमी. परातीत ओतलेल्या पाण्यासारखे ते पसरलेले आहे, म्हणून पातळी थोडी उतरली तरी मोठा चिखलपट्टा उघडा पडतो. या उथळपणामुळेच पाणपक्ष्यांची येथे सोय झाली. १९८६ मध्ये हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. आमच्या काही पालकांची वडिलोपार्जित जमीन याच पाण्याखाली गेली आहे. त्या घरांतील मुलांना दुर्बिणीतून थवा दाखविताना, तो थवा ज्या पाण्यावर बसला आहे त्याच्या तळाशी कोणाची तरी बांधबंदिस्ती आहे, याचे भान आम्ही ठेवतो.

आता मूळ विषयाकडे. कुरव ओळखण्याआधी कुरव आणि सुरय यांतील फरक समजून घ्यावा, कारण दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यावर उडणारे. सुरयाचे पंख निमुळते, शेपटी बहुधा दुभंगलेली, उड्डाण हलके. तो हवेत क्षणभर थबकून पाण्याकडे झेपावतो आणि वर येतो. पोहत बसणे त्याला फारसे आवडत नाही. कुरव मात्र बदकासारखा पाण्यावर निवांत तरंगतो, शेपूट गोलाकार कापल्यासारखी ठेवतो, आणि सकाळी मच्छीमार तराफ्यावरून जाळे उचलू लागला की उष्ट्या मासळीच्या आशेने त्याच्याभोवती घिरट्या घालतो. पांढरा पक्षी पाण्यावर बसलेला असेल आणि त्याची मान बगळ्यासारखी लांब नसेल, तर बहुतेक वेळा तो कुरव.

दुर्मीळ पक्षी शोधावयास निघालेल्या माणसाने पहिले दोन हिवाळे दुर्मीळ पक्षी शोधूच नये, असे आमचे मत आहे. ते दोन हिवाळे तपकिरी डोक्याच्या कुरवाला द्यावेत. जो नेहमीचा आहे तो सर्व वयांत, सर्व उजेडात आणि सर्व बाजूंनी इतका परिचित व्हावा, की त्याच्याहून वेगळे काही समोर आले तर कारण सांगता येण्याआधीच नजर थांबावी. आपल्या आईची चाल आपण लांबून ओळखतो, तिचे वर्णन पुस्तकात वाचून नव्हे. तपकिरी डोक्याचा कुरव तसाच ओळखीचा झाला पाहिजे.

पहिली अडचण त्याच्या नावातच आहे. हिवाळ्यात त्याचे डोके तपकिरी नसते. ते पांढरे असते, आणि डोळ्यामागे, कानाच्या जागी, एक गडद ठिपका असतो. तपकिरी टोपी विणीच्या काळापुरती. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये चढू लागते, म्हणून जानेवारीत नाव वाचून पक्षी शोधणाऱ्याची निराशा होते. हिवाळ्यात पाहावयाच्या खुणा वेगळ्या आहेत. चोच जाडसर, लाल आणि टोकाला काळसर. पाय लाल. प्रौढ पक्ष्याचे बुबुळ फिकट, पांढुरके. त्यामुळे त्याची मुद्रा किंचित कठोर वाटते. खरी ओळख मात्र तो उडाला म्हणजे पटते. पंखाचे टोक रुंद काळे असून त्या काळ्यात, अगदी टोकाजवळ, पांढरे ठिपके असतात. पक्षिनिरीक्षक त्यांना ‘आरसे’ म्हणतात. काळ्या टोकाच्या आत, पंखाच्या मधल्या भागाकडे, पांढरा पट्टा दिसतो. खालून पाहिल्यास पंखाचे टोक गडद दिसते. पहिल्या हिवाळ्यातील पिल्लाला आरसे नसतात, त्याच्या पंखांवर तपकिरी डाग आणि शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असते. परंतु पंखाचे टोक त्याचेही रुंद काळेच.

त्याचा जवळचा भाऊबंद म्हणजे काळ्या डोक्याचा कुरव. तो युरोपपासून पूर्व आशियापर्यंत दलदली आणि तळ्यांच्या काठी वीण करतो आणि हिवाळ्यात आपल्याकडेही उतरतो. दख्खनच्या पाण्यावर मात्र तपकिरी डोक्याच्या तुलनेत त्याची संख्या बरीच कमी. याचेही नाव फसवे आहे. हिवाळ्यात त्याचेही डोके पांढरे आणि कानाजवळ ठिपका. उन्हाळ्यात जी टोपी चढते तीदेखील नीट पाहिल्यास काळी नसून गडद चॉकलेटी असते. नाव देणाऱ्यांनी लांबून पाहिले असावे! तो आकाराने थोडा लहान, चोच बारीक, बुबुळ काळे, त्यामुळे चेहरा सौम्य. उडताना पंखाच्या पुढच्या कडेवर टोकापर्यंत जाणारी लांब पांढरी पाचर दिसते, आणि काळा रंग केवळ मागच्या काठाने किनारीसारखा उरतो. रुंद काळे टोक नाही, आरसे नाहीत.

एवढी तयारी झाल्यावर तिसऱ्याकडे वळता येते. बारीक चोचीचा कुरव हा भूमध्य समुद्र, काळा समुद्र, कॅस्पियन, कझाकस्तान, इराण या पट्ट्यातील पक्षी. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘जेनेई’ हा शब्द इटलीतील तुरीन येथील निसर्गशास्त्रज्ञ ज्युसेप्पे जेने यांच्या स्मरणार्थ आहे. भारतात हिवाळ्यात तो कच्छ, जामनगर येथील किनाऱ्यावर आणि मिठागरांत नेहमी दिसतो. त्याला खारे पाणी मानवते. म्हणून गोड्या पाण्याच्या, समुद्रापासून इतक्या दूरच्या जलाशयावर तो दिसला तर ती नोंद महत्त्वाची ठरते, आणि म्हणूनच ती नोंद करताना दहा वेळा विचार करावा लागतो.

या पक्ष्याच्या डोक्याला टोपी कधीच चढत नाही. विणीच्या काळातही डोके शुभ्र पांढरेच राहते. हिवाळ्यात कानाजवळ ठिपका असलाच तर पुसट, राखाडी. पण खरी गंमत खुणांच्या जुळणीत आहे. प्रौढ पक्ष्याचे बुबुळ फिकट, म्हणजे तपकिरी डोक्याच्या कुरवासारखे. पंखाच्या पुढच्या कडेवर लांब पांढरी पाचर, म्हणजे काळ्या डोक्याच्या कुरवासारखी. डोळा एका भावाचा आणि पंख दुसऱ्याचा, हा संयोग या दोघांपैकी कोणाच्याच प्रौढात सापडत नाही. म्हणूनच केवळ डोळा पाहून किंवा केवळ पंख पाहून निर्णय देऊ नये. दोन्ही एकाच पक्ष्यावर, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असावेत.

तिसरी खूण चेहऱ्याची, आणि ती या दोघांचीही नाही. इतर दोन कुरवांचे कपाळ चोचीच्या मुळापासून चटकन वर चढते, त्यामुळे डोके वाटोळे दिसते. बारीक चोचीच्या कुरवाचे कपाळ मात्र पत्र्याच्या उतरत्या छपरासारखे लांबवर उतरत येते आणि चोचीत मिसळते. डोळा त्यामुळे बराच मागे बसविल्यासारखा वाटतो. चोच लांब, लालसर नारिंगी ते गडद लाल, आणि तिच्या टोकाला स्पष्ट काळा डाग नसतो. (‘बारीक’ हे विशेषण ‘लांब’ असते तर अधिक उपयोगी पडले असते.) पाय थोडे उंच. सावध झाला म्हणजे तो मान ताणतो तेव्हा ती अनपेक्षितपणे लांब निघते.

याच ठिकाणी घाईची माणसे अडकतात. मान कोणताही कुरव ताणू शकतो. वर गरुडाची सावली फिरली, की संपूर्ण थवा माना वर करतो आणि त्या क्षणी शंभरापैकी चाळीस पक्षी बारीक चोचीचे वाटू लागतात. त्यामुळे मान ही खूण फक्त निवांत पक्ष्यावर, काही मिनिटे पाहून, मग मोजावी. उजेडाचाही असाच खेळ असतो. सायंकाळच्या उन्हात पांढरे पिवळसर दिसते, लाल चोच नारिंगी दिसते, आणि पाठीचा राखाडी रंग किती गडद आहे याचा अंदाज पार चुकतो. ढगाळ सकाळ कुरवांसाठी उत्तम. दुपारी अकरानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरू लागते. तेव्हा पाचशे मीटरांवरच्या पक्ष्याचे बुबुळ फिकट की गडद हे सांगणे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. पहिल्या हिवाळ्यातील पिल्ले तर आणखी घोटाळ्यात पाडतात. त्यांच्या डोळ्यांचा रंग प्रौढासारखा झालेला असतोच असे नाही, म्हणून ‘फिकट बुबुळ’ ही खूण पिल्लाला लावावयाची नाही. बारीक चोचीच्या पिल्लाची चोच आणि पाय फिकट नारिंगी-पिवळे असतात, कानाचा ठिपका फारच अंधुक असतो. पण अशा पक्ष्याचे नाव निव्वळ एका दर्शनावर नक्की करणे आम्ही टाळतो.

पाहण्याचा क्रम ठरलेला असला म्हणजे मन कमी भटकते. आमच्या निसर्ग मंडळात तो असा आहे : आधी आकार, तोही शेजारच्या ओळखीच्या पक्ष्याशी ताडून, मग कपाळ आणि चोच, मग बुबुळ, आणि शेवटी थवा उडेपर्यंत थांबून पंख. थवा उडवावयाचा नाही. दगड मारून किंवा होडी अंगावर घालून पंख पाहण्याची हौस असलेली माणसे आम्ही काठावर पाहिली आहेत. हजारो किलोमीटर प्रवास करून आलेल्या पक्ष्याला विश्रांतीच्या जागेवरून उठविणे म्हणजे त्याने साठविलेली ताकद फुकट घालविणे. घार फिरेल, जाळे उठेल, काही तरी होईलच. अर्धा तास बसून राहण्याची तयारी नसेल तर कुरव हा विषय सोडून द्यावा.

आणखी एक पाहुणा सांगितला पाहिजे, कारण तो ओळखणे सोपे आहे आणि नवशिक्यांना त्यातून आत्मविश्वास येतो. पलासचा कुरव. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ पेटर सिमोन पलास यांनी १७७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याच्या शास्त्रीय नावाचा ग्रीक अर्थ ‘मासे खाणारा गरुड’ असा होतो आणि तो त्याला शोभतो. कॅस्पियनपासून मंगोलियापर्यंतच्या सरोवरांवर त्याची वीण होते. पंखांचा विस्तार दीड मीटरच्या आसपास. तपकिरी डोक्याच्या कुरवांत तो बसला, म्हणजे शेळ्यांच्या कळपात म्हैस बसावी तसा दिसतो. कपाळ लांब उतरते, चोच दणकट व पिवळी, तिच्या टोकाजवळ काळी पट्टी आणि लाल छटा, पाय हिरवट पिवळे. हिवाळ्यात डोळ्याभोवती आणि मागे काजळ फासल्यासारखा गडद डाग असतो आणि त्यात डोळ्याच्या वर-खाली दोन पांढऱ्या चंद्रकोरी उठून दिसतात. जुन्या पुस्तकांत याला ‘मोठा काळ्या डोक्याचा कुरव’ म्हणत असत, आणि या एकाच्या बाबतीत नाव खरे आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याचे डोके खरोखर काळे कुळकुळीत होते.

उरलेले मोठे कुरव मात्र सोपे नाहीत. उत्तर रशियातील टुंड्रातून येणारा ह्यूग्लिनचा कुरव आणि सायबेरिया-कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून येणारा स्टेप कुरव हे एकमेकांच्या इतके जवळचे आहेत, की त्यांना स्वतंत्र जाती मानावे की एकाच जातीच्या उपजाती, याविषयी शास्त्रज्ञांचीही मते जुळत नाहीत. मोठ्या कुरवाला प्रौढ पिसारा यायला चार वर्षे लागतात आणि प्रत्येक वर्षी त्याचा वेष निराळा असतो. पाठीच्या राखाडी छटेतील बारीक फरकावर हे सारे तोललेले, आणि ती छटा तर उजेडाबरोबर बदलते. अशा पक्ष्यापुढे आमच्या वहीत ‘मोठा कुरव, जात अनिश्चित’ एवढेच लिहिले जाते. वहीतील त्या शब्दांची आम्हांला लाज वाटत नाही.

वहीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना तिची आठवण असेल. नियम एकच आणि जुना आहे. अनोळखी पक्षी दिसला की जे जे पाहत असतील त्यांनी एकमेकांशी काही न बोलता आपापल्या कागदावर लिहावयाचे : चोच, डोळा, कपाळ, पंख, पाय, अंतर, वेळ, सूर्य कोणत्या बाजूला होता, शेजारी कोणते पक्षी होते. जमेल तसे चित्र काढावयाचे. पुस्तक उघडावयाचे नाही. शिक्षकांनीही नाव उच्चारावयाचे नाही, कारण शिक्षकाने नाव घेतले की पुढच्या क्षणी साऱ्या वर्गाला तेच दिसू लागते. कागद जमा झाल्यावरच चर्चा. ‘फिकट बुबुळ’ हे पाहणे आहे. ‘बारीक चोचीचा कुरव’ हा निष्कर्ष आहे. दोन्हींसाठी वहीत वेगळे रकाने आहेत.

एका हिवाळ्यात नववीतील दोन विद्यार्थ्यांनी एकाच पक्ष्याविषयी लिहिलेले दोन कागद आमच्यापुढे आले. दोघांनीही उतरते कपाळ आणि लांब चोच लिहिली होती. एकाच्या कागदावर बुबुळ ‘पांढुरके’ होते, दुसऱ्याच्या कागदावर ‘काळे’. पंख कोणालाच नीट दिसला नव्हता, आणि पक्षी तोवर पैलतीराकडे निघून गेला होता. पहिल्याला नाव हवे होते. वसतिगृहात त्याने ते सांगूनही टाकले होते. रात्री अभ्यासिकेत दोघे समोरासमोर बसले आणि तासभर भांडले. शेवटी निष्कर्षाच्या रकान्यात ‘अनिश्चित’ हा शब्द त्या पहिल्यानेच, स्वतःच्या अक्षरात, लिहिला. पुढे आठवडाभर तो पहाटे उठून काठावर जात होता. पक्षी पुन्हा दिसला नाही. दोन्ही कागद वहीत डकवलेले आहेत.

आता प्रत्येकाच्या हातात कॅमेऱ्याचा फोन आहे, मग हा कागदाचा खटाटोप कशासाठी, असे काही पालक विचारतात. छायाचित्र अवश्य घ्यावे. पंख उघडलेले असताना, वरून आणि खालून, एकापेक्षा अधिक. परंतु फोनच्या चित्रात दूरचा कुरव हा पांढरा ठिपका असतो, आणि चांगल्या कॅमेऱ्याच्या चित्रातही बुबुळाचा रंग एका कोनात फिकट, दुसऱ्यात काळा उतरतो. लिहिलेले वर्णन आणि चित्र ही एकमेकांची साक्ष आहेत. शिवाय छायाचित्राच्या नादात वेगळाच प्रकार सुरू होतो. दिल्लीच्या यमुना घाटावर होडीतून शेव-फरसाण उधळून कुरवांचे थवे कॅमेऱ्यासमोर ओढण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. ती छायाचित्रे सुंदर असतात यात शंका नाही. तळलेले, खारट पीठ हे माशांवर आणि किड्यांवर जगणाऱ्या पक्ष्याचे अन्न नव्हे. ही प्रथा आपल्या पाण्यावर रुजू नये, एवढी काळजी काठावरच्या गावांनी घ्यावी.

एखादा कुरव बारीक चोचीचा आहे की नाही, याने कोणाचे काय बिघडते, हा प्रश्न त्याहून गंभीर आहे आणि त्याचे उत्तर द्यावयास हवे. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे, आणि तिचे काम बहुतांशी स्वयंसेवकांच्या नोंदींवर चालते. ई-बर्डसारख्या संगणकीय नोंदवहीत आज कोणीही आपली यादी भरू शकतो. अनपेक्षित जातीचे नाव आले की परीक्षक तपशील मागतात. तपशील नसेल तर नोंद बाजूला ठेवली जाते, आणि तेच योग्य आहे. कारण एक खोटी दुर्मीळ नोंद एकटी राहत नाही. ती पुढच्या माणसाच्या डोळ्यांवर चढते; गेल्या वर्षी येथे अमुक दिसला होता म्हणून यंदाही तोच दिसतो. आणि एकदा का एखाद्या ठिकाणच्या याद्या अविश्वसनीय ठरल्या, की त्या ठिकाणच्या खऱ्या नोंदींकडेही कोणी पाहत नाही.

नाथसागरासाठी ही केवळ तात्त्विक गोष्ट राहिलेली नाही. या जलाशयावर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प उभारण्याच्या प्रस्तावाविरुद्ध मच्छीमार समाजाच्या समितीने राष्ट्रीय हरित लवादाकडे आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. विजेची गरज आम्हांलाही आहे, आमच्या वसतिगृहातील दिवेही तिच्यावरच चालतात, आणि त्या वादाचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नाही. पण पाण्याच्या कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात, कोणते पक्षी आणि किती संख्येने बसतात, हे विचारले जाते तेव्हा उत्तर तत्काळ तयार करता येत नाही. ते वर्षानुवर्षे आधीच लिहून ठेवलेले असावे लागते, आणि लिहिणारा काठावरचा असेल तर अधिक बरे. मच्छीमार कुटुंबांतील आमची मुले येथे इतरांच्या पुढे असतात. कोणत्या बेटाजवळ पहाटे थवा असतो आणि जाळे उचलताना कोणता कुरव तराफ्याच्या जवळ येतो, कोणता दुरूनच फिरतो, हे त्यांना वडिलांबरोबर पाण्यावर जाऊन ठाऊक झालेले असते. त्यांना शिकवावयाचे उरते ते फक्त रकाने आखून लिहिणे.

ज्या माजी विद्यार्थ्यांना या हिवाळ्यात काठावर येण्याची इच्छा असेल त्यांच्यासाठी काही व्यावहारिक सूचना. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ चांगला. सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी. सकाळी त्यासाठी पूर्वेकडच्या काठावर उभे राहून पश्चिमेकडे पाहावे. आठपट मोठे दाखविणारी साधी दुर्बीण पुरेशी आहे, मात्र तिला टेकू द्यावा, कारण हाताच्या कंपाने बुबुळ दिसत नाही. वाळलेल्या काठावरून चिखलात उतरू नये. गाळ वरून घट्ट दिसतो आणि आत गुडघाभर असतो. पक्ष्याच्या पायात धातूचे कडे दिसले तर त्यावरील अक्षरे-आकडे जमतील तेवढे वाचून लिहावेत. आपल्या देशातील अनेक कड्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळविण्याची सूचना कोरलेली असते. ही संस्था १८८३ पासून आहे आणि अशा पत्रांची वाट पाहते. मेलेल्या पक्ष्याच्या पायातील कड्याची नोंदही तितकीच मोलाची.

मार्च उजाडला की तपकिरी डोक्याच्या कुरवांच्या कपाळावर रंग चढू लागतो. काहींची टोपी अर्धी, काहींची पूर्ण, काही अजून पांढरेच. या दिवसांत पूर्ण टोपी चढलेल्यांच्या मध्ये एखादा प्रौढ पक्षी अगदी शुभ्र डोक्याचा राहिला असेल, तर त्याच्याकडे दुर्बीण वळवून कपाळ, बुबुळ आणि पंख पुन्हा एकदा क्रमाने तपासावेत. एप्रिलच्या आसपास थवे विरळ होतात आणि उत्तरेकडे निघून जातात. पाणी मागे सरते, आणि जेथे कुरव बसत होते त्या गाळावर काठच्या शेतकऱ्यांच्या पेरण्या सुरू होतात.